हा खर्च कोणाच्या वहीत?



आमच्या दारव्ह्याच्या मासिक बैठकीत एक प्रथा आहे. दर वेळी कोणीतरी एकीने काहीतरी वाचून यायचे आणि बाकीच्यांना समजेल असे सांगायचे. गेल्या बैठकीत आमच्यातल्या वकील मैत्रिणीने परदेशातल्या एका वेगळ्या न्यायालयाची माहिती सांगितली. आईबापांच्या दारूमुळे किंवा नशेमुळे ज्या घरातली मुले धोक्यात आहेत, त्या घरांसाठी हे न्यायालय. तिथला न्यायाधीश नुसता निकाल देऊन मोकळा होत नाही. उपचार लावून देतो आणि ते चालू आहेत की नाही, हे दर पंधरा दिवसांनी समोर बसवून स्वतः विचारतो. सांगून झाल्यावर थोडा वेळ सगळ्या गप्प होत्या. मग निंदणाहून थेट बैठकीला आलेली एक मैत्रीण म्हणाली, "चांगलं हाय. पण याले पैसा किती लागते, अन् देते कोण?"

मला या संपादकीयाचा विषय तिथेच मिळाला. कारण हाच प्रश्न उद्या मंत्रालयात विचारला जाईल, फक्त वेगळ्या हेतूने. तिथे 'पैसा किती' म्हणजे 'नको'. आमच्या मैत्रिणीच्या तोंडी त्याचा अर्थ 'कोणाच्या पदरातून' असा होता.

आधी माहिती. अमेरिकेत मायामी शहरात १९८९ मध्ये नशेच्या गुन्ह्यांसाठी उपचार देणारे पहिले न्यायालय सुरू झाले. मुलांच्या ताब्याच्या खटल्यांसाठी तीच पद्धत नेवाडा राज्यातल्या रेनो गावी १९९० च्या दशकाच्या मध्यावर वापरली गेली. इंग्लंडमध्ये ती जानेवारी २००८ मध्ये लंडनला आली, ती निकोलस क्रिक्टन या न्यायाधीशांच्या खटपटीमुळे. त्यांच्यापुढे त्याच त्या आया पुन्हा पुन्हा येत. पहिले मूल सरकारने ताब्यात घेतलेले, दुसरे घेतलेले, आता तिसरे की चौथे पोटात. दारू किंवा नशा जिथल्या तिथे. दर वेळी मूल काढून घेण्याचा हुकूम काढण्यापलीकडे न्यायालय काही करत नव्हते. नव्या पद्धतीत न्यायाधीशाच्या हाताशी एक चमू दिला गेला. मनोविकारतज्ज्ञ, समाजकार्यकर्ते, व्यसनमुक्तीचे काम करणारे आणि घराच्या प्रश्नात किंवा मारहाणीच्या प्रश्नात मदत करणारे लोक त्यात असतात. पंधरवड्याच्या भेटीला वकील नसतात. न्यायाधीश तोच राहतो, बदलत नाही.

खर्चाचा हिशेबही त्यांनी मांडला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या अभ्यासानुसार २०१४-१५ या वर्षातल्या ४६ प्रकरणांवर ५ लाख ६० हजार पौंड खर्च झाले आणि पाच वर्षांत सरकारचे सुमारे १२ लाख ९० हजार पौंड वाचतील असा अंदाज निघाला. म्हणजे घातलेल्या एका पौंडामागे दोन पौंड तीस पेन्स. २०२३ च्या मूल्यमापनात असे दिसले की या न्यायालयात गेलेल्यांपैकी साधारण तिघांत एकाची नशा खटला संपेपर्यंत सुटली होती. नेहमीच्या न्यायालयात हेच प्रमाण बारांत एक होते. निम्म्याहून थोडी अधिक मुले आपल्या आईकडे किंवा बापाकडे परतली. नेहमीच्या न्यायालयातून आठांत एक परतते.

हे ऐकून आमच्यातल्या काहींचा उत्साह वाढला. उपचारही होतो, पैसाही वाचतो, मग सरकारला हेच आकडे दाखवू या, असे त्यांचे म्हणणे पडले. मीही घरी येताना त्याच उत्साहात होते. रात्री पुन्हा कागद वाचायला घेतले आणि ती बचत कुठून आली हे पाहिले, तेव्हा मनात पाल चुकचुकली.

लंडनमध्ये पैसा वाचला तो मुख्यतः मुले सरकारी सांभाळात कमी गेली म्हणून. तिथे बापाची किंवा आईची दारू अति झाली की सरकार मूल ताब्यात घेते आणि दुसऱ्या कुटुंबाला पैसे देऊन वाढवते. तो खर्च सरकारच्या वहीत रोज पडत असतो. म्हणून दारू सुटली की वहीत बचत दिसते.

दारव्हा तालुक्यात बापाची दारू अति झाली तर मूल कोण वाढवते? आई. आई मोडली तर आजी. आजी थकली तर मामा, नाहीतर वसतिगृह, नाहीतर मोठी पोरगी शाळा सोडून धाकट्यांना सांभाळते. सरकारच्या वहीत यातले फार तर वसतिगृह दिसेल. जो खर्च सरकारने कधी केलाच नाही तो वाचणार कसा? हाच अभ्यास उद्या कोणी आपल्याकडे करायला घेतला तर उत्तर ठरलेले आहे. असे न्यायालय म्हणजे निव्वळ खर्च, बचत शून्य. आकडे खोटे नसतील. वही चुकीची असेल.

म्हणून बाईची वही उघडायला हवी.

आमच्याकडे येणाऱ्या एका बाईची गोष्ट सांगते. नाव-गाव सांगत नाही. तिच्या नवऱ्याकडे तीन एकर कोरडवाहू आहे, कापूस आणि तूर. तो वाईट माणूस नाही, असे तीच सांगते. प्यायल्यावर मारतो, हेही तीच सांगते. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली अर्ज केला तेव्हा आम्ही तिला विचारले, तुला नेमके काय हवे? ती म्हणाली, "ताई, मले सोडचिठ्ठी नाही पायजे. त्याची दारू सुटली पायजे, अन् तवरक लेकरायले खायले पायजे."

या एका वाक्यात दोन मागण्या आहेत. आपल्या कायद्याला त्यातली दुसरीच ऐकू येते. पोटगी, घरात राहण्याचा हक्क, मारहाणीला मनाई, मुलांचा ताबा हे सगळे २००५ च्या कायद्यात आहे आणि ते मिळवायला आपल्या चळवळीने किती वर्षे घालवली हे या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको. पण दारू सुटण्यासाठी अर्ज कुठे करायचा? ते कलमच नाही.

तिने मग आपल्या परीने प्रयत्न केला. कोणीतरी दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका खासगी केंद्राचे नाव सांगितले. कानातले मोडून पैसे भरले. नवरा महिनाभर राहिला, धरून आणलेल्या गुरासारखा. परत आला तेव्हा हातापायांवर वळ होते आणि तोंडात शपथ होती. वेचणीचा हंगाम संपेपर्यंत शपथ टिकली. हातात कापसाचा पैसा आला आणि ती मोडली. नंतरच्या तारखांना तो एकतर यायचा नाही, नाहीतर पिऊन यायचा. पोटगीचा हुकूम झाला, वसुली झाली नाही. वसुलीचा अर्ज केला, समन्स निघाले, समन्स परत आले. प्रत्येक तारखेला तिची एका दिवसाची मजुरी बुडाली. २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट आहे, तेवढे वाचले. (शकुंतला गाडी धावत होती तेव्हा आमच्या बाया सरकारी कामाला तिने जात, आता ती आठवणीतच धावते.)

एका बैठकीत तिला आम्ही बसवून हे सगळे वहीत मांडायला लावले. बुडालेली मजुरी. मोडलेले कानातले. बचत गटाचे थकलेले हप्ते आणि त्यापायी गटात झालेली मानहानी. सासूच्या औषधांचा खर्च, कारण मार सासूलाही बसला होता. मोठ्या मुलीची सुटलेली शाळा. त्या मुलीच्या नावापुढे रकमेच्या रकान्यात काय लिहायचे ते तिला कळेना. मलाही कळले नाही. तो रकाना मोकळाच आहे.

त्याच वहीच्या दुसऱ्या पानावर सरकारचा खर्च लिहिला. हवालदार किती वेळा घरी गेला. संरक्षण अधिकाऱ्याचा अहवाल. न्यायालयाच्या तारखा. सरकारी दवाखान्यात घातलेले टाके. त्याचे एकदा पिवळे झालेले डोळे आणि सलाइनवर काढलेला आठवडा. म्हणजे सरकारचा पैसा खर्च होतच होता. पोलिसांचा वेगळा, न्यायालयाचा वेगळा, दवाखान्याचा वेगळा. चारही ठिकाणची माणसे एकमेकांना ओळखत नव्हती आणि चारही ठिकाणी दारू हा 'आमचा विषय नाही' होता. उपचारावर मात्र जो पैसा खर्च झाला तो तिच्या कानातला होता.

आता तिजोरीची दुसरी बाजू. राज्य उत्पादन शुल्क खात्याचा महसूल २०२३-२४ मध्ये २३ हजार कोटी रुपयांच्या पुढे गेला. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने दारूवरचे शुल्क वाढवले, तेव्हा त्यातून वर्षाला आणखी १४ हजार कोटी मिळतील असे सांगितले गेले. या वाढीनंतर १८० मिलिलिटर देशीचा, म्हणजे आपल्याकडच्या पव्व्याचा, किमान दर ८० रुपये ठरला. रोज एकच पव्वा पिणारा माणूस धरा. असा माणूस आमच्या ओळखीत कमीच आहे, पण धरा. महिन्याचे २४०० रुपये झाले. जुलै २०२४ पासून त्याच्या बायकोला 'लाडकी बहीण' म्हणून महिन्याला १५०० रुपये मिळू लागले. ते पंधराशे मिळाले म्हणून आमच्या बायांना आनंद झाला, त्याची मी चेष्टा करणार नाही. कित्येकींच्या हातात स्वतःच्या नावाचा पैसा पहिल्यांदा आला. पण बहिणीच्या घरात पंधराशे येतात आणि भाऊजींच्या खिशातून चोवीसशे जातात, ही बेरीज-वजाबाकी दुसरीतल्या पोराला येते.

चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेतल्या संशोधकांनी २०१९ मध्ये सगळ्या देशाचा असा हिशेब मांडला होता. दारूमुळे होणारे आजार, उपचार, अकाली मृत्यू आणि बुडालेले काम हे सगळे धरले आणि त्यातून दारूवरचा कर वजा केला, तरी २०११ ते २०५० या काळात देशाच्या एकूण उत्पन्नाच्या सरासरी १.४५ टक्के नुकसान दरवर्षी उरते, असे त्यांनी काढले. दारूच्या महसुलाशिवाय राज्य चालणार नाही, असे म्हणणाऱ्यांपुढे हा आकडा ठेवावा. त्या हिशेबातही मोठ्या मुलीची शाळा आणि सासूचा मार कुठे दिसत नाही, हेही सांगावे.

आणि उपचार किती जणांना मिळतो? केंद्र सरकारने दिल्लीच्या एम्सकडून करून घेतलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसले की दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या अडतीस जणांपैकी एकाला कोणत्यातरी प्रकारची मदत मिळाली होती. दवाखान्यात दाखल होऊन उपचार मिळालेले एकशेऐंशीत एक. उरलेल्या एकशेएकोणऐंशींची शुश्रूषा घरी कोण करते, ते वेगळे सांगायला नको.

आपल्या मागणीला कायद्यात आधार शोधायला गेले तर तो अगदीच नाही असे नाही, फक्त विखुरलेला आहे. गांजा, अफू, गर्द यांच्या बाबतीतल्या १९८५ च्या कायद्यात कलम ३९ आहे. थोड्या प्रमाणातल्या नशेच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यसनी माणसाला, त्याची तयारी असेल तर, शिक्षेऐवजी सरकारी किंवा मान्यताप्राप्त रुग्णालयात उपचाराला पाठवण्याचा अधिकार ते न्यायालयाला देते. कलम ६४अ खाली स्वतःहून उपचाराला आलेल्याला खटल्यापासून संरक्षण आहे. दारूच्या माणसासाठी आणि त्याच्या घरासाठी असे काहीच नाही. हिंसाचार कायद्याच्या कलम १४ खाली दंडाधिकारी समुपदेशनाचा हुकूम देऊ शकतात, तोही एकट्या नवऱ्याला देऊ शकतात, दोघांना एकत्र बसवलेच पाहिजे असे नाही. हे कलम आपण पुरेसे वापरत नाही, ही आपली चूक मी कबूल करते. समुपदेशन म्हटले की आपल्याला 'समझोता' ऐकू येतो आणि आपण दोन पावले मागे सरतो. तिसरा आधार सर्वांत भक्कम आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू आणि नशेशी जोडलेल्या मानसिक अवस्था मानसिक आजाराच्या व्याख्येतच घातल्या. त्याच्या कलम १८ प्रमाणे सरकारी खर्चाने उपचार हा हक्क आहे. ठरवून दिलेल्या किमान सेवा जिल्ह्यात सरकारकडे नसतील, तर त्याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या संस्थेत घेतलेल्या उपचारांचा खर्च सरकारने सोसायचा आहे. कानातले मोडण्याआधी हे आम्हाला ठाऊक असायला हवे होते.

दुसरीकडे, जिथे समुपदेशक नेमण्याची सोय कायद्यातच आहे ती कौटुंबिक न्यायालये. १९८४ चा कायदा, महाराष्ट्रात पुण्या-मुंबईत १९८९ मध्ये सुरुवात. पण दहा लाखांवर वस्तीच्या शहरात ती स्थापन केलीच पाहिजेत, बाकी ठिकाणी सरकारला वाटले तर. तालुक्याच्या बाईचा खटला तालुक्याच्या दंडाधिकाऱ्यापुढे चालतो. तिथे एकाच दिवशी बांधाची भांडणे, धनादेशाचे खटले, अपघात आणि हिची पोटगी. न्यायाधीशाला दोष देऊन उपयोग नाही. त्याच्या हाताशी ना समुपदेशक आहे ना खाट.

इथवर वाचून आपल्यातल्या अनेकींच्या मनात जे आले असेल ते आमच्या बैठकीतही बोलले गेले, आणि जोरात बोलले गेले. गावठी दारूच्या भट्ट्या फोडताना डोक्याला खोक पडलेली आमची एक ज्येष्ठ मैत्रीण उठून म्हणाली, "आता पिणाऱ्यांची सेवा करायची का? सरकारजवळ पैसा असेल तर तो बाईला द्या. घर द्या, पोटगी द्या. त्याच्यासाठी डॉक्टर आणि न्यायाधीश कशाला ठेवायचे?" दुसरी म्हणाली, "दुकानच बंद करा, म्हणजे उपचाराचा खर्चच नको."

दुसऱ्या मुद्द्याचे आधी पाहू. यवतमाळ जिल्ह्यात दारूबंदी व्हावी म्हणून 'स्वामिनी'च्या झेंड्याखाली हजारो बाया रस्त्यावर आल्या. आम्हीही त्यात होतो आणि ती मागणी आम्ही सोडलेली नाही. पण आमच्या शेजारचा अनुभव डोळ्यांसमोर आहे. वर्ध्यात १९७४ पासून बंदी आहे. चंद्रपुरात बायांनी लढून १ एप्रिल २०१५ पासून बंदी आणली आणि २०२१ मध्ये ती सरकारने उठवली. आडव्या बाटलीसाठी गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्तींनी मत द्यावे लागते. नुसत्या आलेल्यांपैकी नव्हे, एकूण मतदारांपैकी. आमदार किती टक्क्यांवर निवडून येतात ते आपण जाणतो. बरे, दुकान बंद झाले तरी ज्याचे शरीरच दारूवर चालते आहे त्याचे काय? अशा माणसाची दारू एका दिवसात तोडली तर हात कापतात, फीट येते, भ्रम होतो, प्रसंगी जीवही जातो. तेव्हा रात्री बैलगाडी किंवा ऑटो शोधत धावणारीही बाईच असते. गडचिरोलीत १९९३ मध्ये बंदी आली, तरीही २०१६ मध्ये 'मुक्तिपथ' सुरू करताना गावबंदीच्या जोडीला उपचार धरावेच लागले.

पहिला आक्षेप मात्र मला आतून पटतो. म्हणून त्याला टाळून पुढे जाता येत नाही.

व्यसनोपचार न्यायालय आपल्याकडे आले तर त्याचे काय होऊ शकते, ते मी डोळ्यांसमोर आणून पाहते. न्यायाधीश म्हणतील, तो उपचार घेतो आहे ना, मग पोटगीची घाई कशाला? सासर म्हणेल, डॉक्टरांनी सांगितले आहे, त्याला ताण द्यायचा नाही, तू नांदायला ये. त्याने गोळ्या घेतल्या की नाही ते हिने पाहायचे. तो पुन्हा प्यायला तर हिने काय केले म्हणून प्यायला, ते हिला विचारले जाणार. आजारी आहे म्हटले की मारहाण माफ होते. आपल्याकडे 'घर वाचवणे' या शब्दांखाली आजवर किती बायांना परत त्याच घरात ढकलले गेले, ते आपण परित्यक्तांच्या चळवळीच्या दिवसांपासून पाहत आलो आहोत. लंडनची पद्धत उचलताना तिथला कैदखाना कोणाचा होता हेही आठवले पाहिजे. तिथे न्यायालयासमोर उभी राहणारी बहुतेक वेळा आई असते. आपल्याकडे पिणारा बहुतेक वेळा बाप असतो. आणि एखादी बाई पिणारी निघालीच, तर तिला उपचार नव्हे, मुलाच्या ताब्याचा खटला मिळतो.

तरीही मी या मागणीच्या बाजूने आहे. कारण जिने आमच्यापुढे ती मांडली तिला नवरा सोडायचा नाही. आपण तिला वीस वर्षे सांगत राहू की सोड, आणि ती वीस वर्षे आपल्याकडे येऊन मलमपट्टी करून परत जाईल. तिच्या पहिल्या वाक्याला आपल्याकडेही कलम नाही. उपचारावर सरकारने पैसा घातला नाही तर तो कोणीच घालणार नाही असे होत नाही. ती घालते. पिणाऱ्याची सेवा ती आजही करतेच आहे, फुकट. तेव्हा आमच्या ज्येष्ठ मैत्रिणीला माझे उत्तर एवढेच आहे, की सेवा करायची की नाही हा प्रश्न आता उरलेला नाही. ती तिच्याकडून काढून घ्यायची की नाही, हा आहे.

पुण्याच्या मुक्तांगणने हे लवकर ओळखले. १९८६ मध्ये सुरू झालेल्या त्या केंद्रात पत्नींसाठी 'सहचरी' हा वेगळा गट असतो. तिथे तिला नवऱ्याला कसे सांभाळायचे एवढेच शिकवत नाहीत, त्याच्या पिण्याची जबाबदारी आपल्या अंगावरून उतरवायला शिकवतात. ही समज न्यायालयाच्या रचनेतच असली पाहिजे.

आमच्या बैठकीत तीन तास बोलून जे ठरले ते असे. आम्हाला नवी इमारत नको, कोनशिला नको. तालुक्याच्या न्यायालयात पंधरवड्यातला एक अर्धा दिवस या प्रकरणांसाठी राखून ठेवावा आणि त्या दिवशी शक्यतो तेच न्यायाधीश असावेत. एक समुपदेशक आणि एक समाजकार्यकर्ती पगारावर असावी, मानधनावर नव्हे. १९८४ मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्त कार्यालयात टाटा समाजविज्ञान संस्थेने महिलांसाठी विशेष कक्ष उघडला आणि पुढे तो राज्यभर पोचला. पोलीस ठाण्यात समाजकार्यकर्ती बसू शकते हे त्याने सिद्ध केले आहे, तेव्हा न्यायालयात बसायलाही हरकत नसावी. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात दारू उतरवण्यासाठी राखीव खाटा असाव्यात. पुढचा उपचार यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मनोविकार विभागाशी जोडून घ्यावा. यासाठी लागणारा पैसा उत्पादन शुल्काच्या महसुलातून ठरावीक हिश्शाने, वेगळ्या लेखाशीर्षाखाली यावा. दरवर्षी हात पसरायची वेळ येऊ नये. राज्याचे व्यसनमुक्ती धोरण २०११ पासून आहेच. त्याला न्यायालयाचे दार दाखवायचे आहे.

आणि हे सगळे मान्य करण्याआधी आमच्या अटी. पोटगी आधी, उपचार मागून. पोटगीचा हुकूम त्याच्या उपचारासाठी थांबणार नाही. अर्जाच्या तारखेपासून पोटगी, हे सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालात सांगितलेलेच आहे. उपचार घेतो म्हणून मारहाणीचा गुन्हा सौम्य होणार नाही. ती सोबत राहील की वेगळी, हे तीच ठरवेल आणि ते तिला पंधरवड्याच्या भेटीत कोणी विचारायचे नाही. तो पुन्हा प्यायला तर जाब त्यालाच. तिची भेट वेगळी, त्याच्याशिवाय. या अटी नसतील तर असले न्यायालय आम्हाला नको, फुकट दिले तरी.

मतभेद मिटले का? नाही. ज्येष्ठ मैत्रिणीने ठरावावर सही केली नाही, आणि तिचे वेगळे मत पुढच्या अंकात आम्ही जसेच्या तसे छापणार आहोत.

तोवर सगळ्या गटांना एक विनंती आहे. या अंकासोबत एक कोरा तक्ता जोडला आहे. आपल्याकडे येणाऱ्या बाईची तयारी असेल तर तिच्यासोबत बसून तो भरा. डाव्या बाजूला तिने केलेला खर्च, उजव्या बाजूला सरकारी खात्यांनी केलेला. नाव, गाव, जात काही लिहू नका. रकमेचा अंदाज येत नसेल तर रक्कम लिहू नका, पण ओळ लिहा. तक्ते पुढच्या अंकाच्या आधी दारव्ह्याच्या पत्त्यावर पाठवा. आम्ही ते एकत्र करून अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या आधी जिल्ह्यातल्या सर्व आमदारांना देणार आहोत.

आमच्या त्या बाईची तारीख पुढच्या सोमवारी आहे. या वेळी अर्जात दोन ओळी वाढवल्या आहेत, कलम १४ खाली एकट्या नवऱ्याला समुपदेशन आणि यवतमाळला मनोविकार विभागात तपासणी. पहिल्या गाडीने आमच्यातल्या दोघी तिच्याबरोबर जाणार आहेत. मोठ्या मुलीला त्या दिवशी धाकट्यांजवळ थांबायला लागू नये म्हणून तिसरी घरी थांबणार आहे.